न कळणाऱ्या माणसाला वाचून दाखवलेल्या गोष्टी

गेल्या महिन्यात इटलीहून एक पत्र आलं. एका लहानशा प्रकाशनाकडून एक मुलगी लिहीत होती. ओर्नेला त्रेविझोनच्या सगळ्या कथा आता एकत्र छापायच्या आहेत, आणि तिच्या वह्यांच्या समासात जागोजागी माझं नाव सापडलं आहे. ‘एके ठिकाणी त्यांनी लिहिलंय, सिरीला काहीही कळत नाही, म्हणून त्याच्याइतकं चांगलं कोणी नाही. याचा अर्थ काय? दोन पानं लिहून पाठवाल का?’

मी दोन पानं पाठवली. इंग्रजीत, नीटनेटकी. त्यात लिहिलेलं सगळं खरं होतं, फक्त एक गोष्ट मी त्यात लिहिली नाही. ती इथे लिहितो. मराठीत लिहितो, कारण या भाषेत मी तिच्याशी कधी बोललोच नाही, त्यामुळे खोटंही बोललेलो नाही.

ओर्नेला मला इंग्लंडमधल्या ब्रॅकनेलला भेटली. त्र्याऐंशी साली मी तिथल्या एका कॉम्प्युटर कंपनीत लागलो, मॅन्युअल तयार करणाऱ्या विभागात. आमच्या खिडकीतून एक राउंडअबाउट दिसायचा आणि त्यावरून दिवसभर फिरणाऱ्या गाड्या. ओर्नेला इंग्रजी मॅन्युअलचं इटालियन करायची आणि मी ते मशीनवर चढवून, आकृत्या बसवून, पानं लावायचो. प्रिंटर कसा जोडावा, कागद अडकला तर काय करावं, असली शेकडो पानं मी एक अक्षर न कळता टाइप केली. लहानपणी दिव्यासमोर बसून संस्कृत स्तोत्रं म्हणायचो, त्यातलाच प्रकार. उच्चार स्पष्ट, अर्थ देवाला ठाऊक.

ती माझ्याहून अकरा वर्षांनी मोठी. बुटकी, रुंद मनगटांची. केस स्वतःच कापायची, त्यामुळे एक बाजू नेहमी वर. पो नदी समुद्राला मिळते तिकडच्या गावची. वडील वाम मासे पकडायचे. एका इंग्रज इंजिनियरशी लग्न करून ती रेडिंगला आली. “नवरा गेला, थंडी राहिली,” एवढंच ती त्याबद्दल सांगायची. श्रीकांत तिच्या जिभेला पेलेना, म्हणून मी सिरी झालो. मी तिला बाई म्हणायचो. आमच्याकडे शाळेतल्या शिक्षिकेला असं म्हणतात, हे सांगितल्यावर तिला ते इतकं आवडलं, की इटलीला पत्र लिहिताना एकदा तिने खाली तशी सहीही ठोकून दिली.

ती कथा लिहिते हे मला आठ-दहा महिन्यांनी कळलं, तेही तिच्या टेबलावर पुस्तक पाहिलं तेव्हा. पातळ, राखाडी कव्हरचं, आणि वर तिचं नाव.

“हे तू लिहिलंस? मग इथे काय करतेस?”

“प्रिंटर जोडते,” ती म्हणाली.

मॅन्युअलचाही तिला कंटाळा नव्हता. उलट ती म्हणायची, दोन्ही कामं एकमेकांना ताळ्यावर ठेवतात. “मॅन्युअलमध्ये माणसाला सगळं सांगायचं, तरी तो चुकतो. गोष्टीत काहीच सांगायचं नाही, तरी तो पोचतो.” पण कथेसाठी तिने मशीन कधी वापरलं नाही. शाळेच्या पोरांच्या वह्या, शिसपेन्सिल आणि खोडायला लाल पेन्सिल. सकाळी साडेपाच ते सात लिहायचं, आठच्या बसने कामावर. कादंबरी लिहिणाऱ्यांबद्दल तिचं मत होतं, की त्यांच्याकडे बस चुकवण्याची ऐपत असते.

लिहून झालं, की ती मला वाचून दाखवायची. मला इटालियन येत नाही, म्हणूनच मला.

पहिल्यांदा हे ऐकलं तेव्हा मला थट्टा वाटली. साडेबाराला जेवणाची सुट्टी व्हायची. थंडी फार असली, की आम्ही तळमजल्यावर बॉयलरच्या खोलीशेजारी जिन्यावर बसायचो, एरवी मागच्या कृत्रिम तळ्याजवळच्या बाकावर. डबा उघडायच्या आधी ती वही उघडायची आणि वाचायची. सावकाश, हातवारे न करता. वाचताना मधूनमधून नजर माझ्या तोंडावर. मी बावळटासारखा बसलेला.

“ज्याला कळतं ना, तो शब्द ऐकतो आणि सभ्यपणे मान हलवतो,” तिने समजावलं. “तुला फक्त आवाज ऐकू येतो. मी कुठे खोटं लिहिलं असेल, उगाच सजवलं असेल, तर तिथे माझा आवाज पडतो. मला ते कळत नाही, पण तुझे डोळे दुसरीकडे जातात.”

आणि मग ती तेवढं छाटून टाकायची. एकदा मी तळ्याकाठच्या एका मॅगपायकडे बघत राहिलो, तर तिने पूर्ण दीड पान उडवलं. मला फार वाईट वाटलं.

“अगं, ते पान चांगलं असेल. पक्षी आला म्हणून—”

“आजीची प्रेतयात्रा होती,” ती म्हणाली. “पक्षी जास्त चांगला होता.”

वाचून झालं, की डबे उघडायचे. माझ्या पोळीभाजीतलं लिंबाचं लोणचं बहुतेक तिच्याच पोटात जायचं. आणि खाता खाता ती मला ती कथा इंग्रजीत सांगायची, पाच-सहा वाक्यांत, शेवटासकट. हातचं काही राखायची नाही. ‘एवढा वेळ ऐकलंस, तुझा हक्क आहे,’ असं तिचं म्हणणं.

आमचा सुपरवायझर कीथ मोठा सरळ माणूस. एकदा जिन्यात आम्हाला बघून त्याने मला बाजूला घेतलं.

“तुम्ही दोघं तिथे करता काय?”

“ती मला कथा वाचून दाखवते.”

“इंग्रजीत?”

“नाही, इटालियनमध्ये.”

“तुला येतं?”

“नाही.”

कीथने बराच विचार केला. “फेअर इनफ,” म्हणाला आणि गेला.

तिचं लेखनातलं करिअर म्हणायचं तर ते एवढंसं. दोन पुस्तकं हयातीत, एक नंतर. एका गावच्या जत्रेतल्या साहित्यस्पर्धेत दुसरा नंबर. त्या बक्षिसासाठी ती स्वतःच्या रजेत, बसने, दीड दिवस प्रवास करून गेली होती. परत आली ती एक अख्खं हॅम, म्हणजे डुकराची खारवलेली तंगडी, घेऊन. बक्षीस तेच होतं. ते तिने आमच्याच घरी आणलं, शाकाहारी ब्राह्मणाच्या घरी, कारण तिच्या फ्रिजमध्ये मावत नव्हतं. माझी बायको मालती डॉक्टर, ऑपरेशन थिएटरमध्ये उभं आयुष्य गेलेलं, पण ते टेबलावर बघून तीही दोन पावलं मागे सरली.

“अगं ओर्नेला, हे मी डेथ सर्टिफिकेटशिवाय आत घेऊ शकत नाही.”

ओर्नेला हसून हसून खुर्चीत कोसळली. मग डोळे पुसत म्हणाली, “पहिला नंबर एका कादंबरीवाल्याचा होता. त्याला घड्याळ दिलं.”

त्या हसण्यामागे काय होतं ते मला नंतर कळलं. मिलानचा एक संपादक तिला वर्षानुवर्षं एकच पत्र पाठवायचा. कथा उत्तम आहेत, कथा कोणी विकत घेत नाही, कादंबरी द्या. शेवटी ती बसली. दोन वर्षं लिहिली कादंबरी आणि दोन वर्षं जिन्यावर मला ऐकवली. मी शहाण्यासारखा ऐकत राहिलो, एकदाही डोळे हलवले नाहीत. तिचं भलं व्हावं एवढाच हेतू. शेवटचं पान वाचून तिने वही मिटली.

“सिरी, तू माझ्यावर दया केलीस,” ती म्हणाली. “परत करू नकोस.”

त्या तीनशे पानांतली अकरा पानं तिने ठेवली आणि ती कथा म्हणून मिलानला पाठवली. त्या संपादकाचं पत्र पुन्हा आलं नाही. दुसरं पुस्तक त्याहून लहान प्रकाशकाकडे गेलं. ती अकरा पानं मी आता वाचली आहेत. तिचं सगळ्यात चांगलं लिखाण तेच आहे.

परत करू नकोस, म्हणाली होती.

आता माझ्याबद्दल लिहिणं भाग आहे. तिच्या पन्नासाव्या वाढदिवसाला तिला चकित करायचं, असं माझ्या मनात आलं. दर बुधवारी संध्याकाळी रेडिंगच्या एका कॉलेजात इटालियनचा वर्ग असायचा. मालतीची बुधवारी ड्यूटी असे. मी नाव घातलं आणि कोणालाच सांगितलं नाही. वाढदिवसाला तिच्या एखाद्या कथेबद्दल चार वाक्यं तिच्या भाषेत बोलायची, एवढाच बेत. वर्ष गेलं. आठवड्याच्या वर्गात भाषा किती येणार? पण माझे डोळे आणि कान सात वर्षं तीच भाषा गिरवत होते. एके दिवशी जिन्यावर ती वाचत असताना एक वाक्य धुक्यातून बस यावी तसं समोर आलं आणि थांबलं. मग दुसरं आलं. मग सगळी कथाच.

त्या कथेत ऑफिसमधला एक परदेशी माणूस होता. ‘फाटकावर मान टेकवून गाईने आगगाडी बघावी, तसा तो माझ्याकडे बघतो,’ असं तिने लिहिलं होतं, ‘आणि मला आगगाडी झाल्यासारखं वाटतं.’

मी तेव्हाच हसायला हवं होतं. ‘बाई, गाय कोणाला म्हणतेस?’ एवढं म्हणालो असतो तर सगळं तिथेच उघड झालं असतं. पण ते ऐकून मला इतकं भरून आलं, की मी गायीसारखाच बघत राहिलो. शिवाय मला कळायला लागलं हे तिला कळलं असतं, की वाचन बंद. न कळणारा दुसरा माणूस तिने शोधला असता. घर, मॉर्टगेज, मुलाची शाळा, मंडळाची दिवाळी यात माझं म्हणून जे काही होतं, ते त्या जिन्यावरचं होतं. वाढदिवस आला. मी तिला स्कार्फ दिला.

पुढच्या वर्षीच्या ऑक्टोबरात तिने एक नवी कथा वाचली. गावातली एक शिंपीण. आयुष्यभर दुसऱ्या बायकांच्या अंगाची मापं घेतलेली. एका मुलीच्या लग्नाचा झगा तिच्याकडे शिवायला आहे. एका सकाळी आंघोळ करताना तिच्या बोटांना स्वतःच्या काखेत काहीतरी लागतं. चण्याएवढं, कडक, न दुखणारं. ती रोज चाचपून बघते आणि रोज झगा शिवते. कोणाला सांगत नाही. सांगितलं तर झगा दुसऱ्या कोणाकडे जाईल. शेवटी झगा खिळ्याला टांगलेला आहे आणि ती दिवा न लावता त्याच्याकडे बघत बसली आहे.

माझे डोळे हलले नाहीत. ती खूष झाली. “आज कुठेच नाही गेलास.” मग डबे उघडले आणि नेहमीसारखी तिने ती कथा मला इंग्रजीत सांगितली. “एक शिंपीण असते. एका लग्नाचा झगा वेळेवर पुरा करते. बस.”

“एवढंच?”

“एवढंच. लहान गोष्ट आहे.” आणि माझ्या डब्यातलं लोणचं घेतलं.

इतक्या वर्षांत तिने माझ्यापासून कुठल्याच कथेतलं काही लपवलं नव्हतं. आज एकच वस्तू गाळली, चण्याएवढी. तिथेच मला समजलं, की हे शिंपिणीचं नाही. तिचं तिसरं पुस्तक तेव्हा अर्ध्यावर होतं.

‘तेव्हा मला वाटलं, गोष्टच असेल,’ असं मी स्वतःला पुष्कळ वर्षं सांगत आलो. ते खरं नाही. मला माहीत होतं.

संध्याकाळी मालती कांदा चिरत होती. मी फ्रिजला टेकून विचारलं, “काखेत गाठ लागली, दुखत नसली, तर काय असतं गं?”

सुरी थांबली. “कोणाला? तुला? इकडे ये, बघू.”

“नाही, नाही. एका गोष्टीतल्या बाईला.”

“देवा! घाबरवलंस.” ती परत चिरायला लागली. “मग त्या गोष्टीतल्या बाईला म्हणावं, उद्या सकाळी पहिली डॉक्टरकडे जा. आणि ते लिहिणाऱ्यालाही सांग, असल्या बाबतीत सस्पेन्स नको.”

मी हसलो. खरंच हसलो.

दुसऱ्या दिवशी मी ऑफिसला गेलो तो ठरवूनच. जिन्यावर बसलो. ती म्हणाली, “आज वाचायला काही नाही. आज तू बोल.” मी बोललो. एजवेअरच्या देशी दुकानात हापूसचा रस कसा डब्यात मिळतो आणि तो कसा हापूस नसतोच, याबद्दल बोललो. सबंध सुट्टी मी त्याबद्दल बोललो. एक वाक्य बोलायचं होतं: बाई, मला कळलं. त्याची किंमत म्हणजे एक वर्षाची लबाडी कबूल करणं आणि तो जिना गमावणं. मला ती जास्त वाटली. मग उद्या बोलू, मग ख्रिसमसनंतर. मालतीला एक फोन करायला सांगू शकलो असतो. तिने काही न विचारता ओर्नेलाला हाताला धरून नेलं असतं. पण मग मालती विचारणार, तुला कसं कळलं?

जूनमध्ये पुस्तक पुरं करून प्रकाशकाला पाठवलं त्याच आठवड्यात ती डॉक्टरकडे गेली. तोवर ते सगळीकडे पसरलं होतं. मालतीने रिपोर्ट बघितले आणि गाडीत बसल्यावर स्टिअरिंगवर डोकं ठेवलं. “आठ महिने आधी आली असती तर, श्रीकांत. शहाणी बाई, काय करत होती काय?” मी शेजारी बसलो होतो. मी म्हणालो, “पुस्तक लिहीत होती.” इतकंच खरं बोललो. बाकीचं मालतीला आज, हे वाचताना कळेल.

नोव्हेंबरात ती रेडिंगच्या हॉस्पिटलात होती. वजन उतरलं होतं, मनगटं तेवढी पूर्वीसारखीच रुंद. एका रविवारी दुपारी मी गेलो, तर तिने उशाखालून वही काढून माझ्या हातात दिली.

“माझा आवाज पुरत नाही आता. तू वाच.”

“मी? मला कुठे येतं?”

“इतकी वर्षं टाइप करतोस. उच्चार येतात तुला. अर्थ कशाला हवाय? मला ऐकायचंय, खोटं कुठे आहे ते.”

दोनच पानं होती. एक कोळी पहाटे लहान मुलीला होडीत घेऊन जातो आणि पाण्यात हात घालायला शिकवतो. न कळणाऱ्या माणसासारखं वाचायचं, असं ठरवून मी सुरुवात केली. एकसुरी, अडखळत, नको तिथे श्वास घेत. पहिलं पान निभावलं. दुसऱ्या पानावर बाप म्हणतो, भिऊ नकोस, मी तुझा दुसरा हात धरलाय. आणि पुढचं वाक्य असं, की त्याने धरलेला नसतो.

माझा आवाज तिथे थांबला. पुन्हा सुरू केला, पुन्हा तिथेच. ज्याला कळत नाही त्याचा आवाज तिथे थांबायचं काही कारण नव्हतं.

मी मान वर केली. ती माझ्याकडे बघत होती. मग पहिल्यांदाच ती माझ्याशी तिच्या भाषेत बोलली.

“कधीपासून?”

दोन वर्षं झाली होती. मी तिच्या भाषेत उत्तर दिलं. तिच्याशी त्या भाषेत मी बोललेला तो पहिला आणि शेवटचा शब्द.

“ईस्टरपासून.”

तिने डोळे मिटले. ओठ हलत होते. महिने मोजत असावी, असं मला वाटलं. शिंपिणीची कथा ऑक्टोबरातली, ईस्टर त्यानंतर एप्रिलात. मग तिने डोळे उघडले आणि इंग्रजीत म्हणाली, “बरं झालं. मला भीती वाटली होती, त्याच्या आधीपासून असेल.”

“का?”

“कारण मग तुला फार जड गेलं असतं, सिरी. सोसलं नसतं तुला.”

तिने माझ्यावर खरंच विश्वास ठेवला का, की शिंपिणीची कथाही मला कळली होती हे ओळखून तिने मला सोडून दिलं, हे मला आजही माहीत नाही. मी तिच्या चेहऱ्यावर शोधलं, पण तो चेहरा वाचायला मी कधी शिकलोच नव्हतो. नर्स आली आणि भेटीची वेळ संपली म्हणाली. मी वही उशाशी ठेवली.

वॉर्डच्या दाराशी जाऊन मागे वळलो. ओर्नेला कोपरावर उठून शेजारच्या खाटेवरच्या म्हातारीशी भांडत होती. हिला खिडकी उघडी हवी होती, म्हातारीला बंद. “पाच मिनिटं, मिसेस,” ती म्हणत होती, “फक्त पाच मिनिटं, मग मी स्वतः बंद करते.” म्हातारी ब्लँकेट नाकापर्यंत ओढून म्हणत होती, “यू विल नॉट, डिअर, तुला उठता तरी येतं का?” दोघीही हसत होत्या. ओर्नेलाने माझ्याकडे न बघताच हात वर केला, जा आता, असा.

तिची खाट दारापासून लांब नव्हती. वीस पावलं असतील. परत जाऊन, वाकून, तिच्या कानात एकच सांगायचं होतं: ईस्टर नव्हे, त्याच्याही आधीपासून. मी उभा राहिलो. नर्सने म्हातारीची समजूत घालून खिडकी थोडी उघडली. माझ्यामागे लिफ्टचं दार उघडलं. आत एक पोर्टर होता, हाताने दार धरून. “येताय का साहेब?” त्याने विचारलं.

मी आत गेलो.